परटाच्या पायातला हिरवा धागा

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत माझे वडील मीरासाब दरबारच्या शिकारखान्यात ससाणे सांभाळत. नोकरी सुटल्यावर ते हिवाळाभर पाखरं बघत. पहाटे रंकाळ्याच्या काठावर चक्रवाक आणि ऊन वर आलं की मंगळवार पेठेतल्या आमच्या परसात परीट. शेपटी हलवत किडे टिपणारं हे करडं-पांढरं पाखरू दर थंडीत तेच परत येतं, असं अब्बा सांगत. त्यांचे दोस्त, पागेतले गणपतराव, घाटावर चारचौघांत हसत.

"मीरासाबा, त्या पाखराला तुझ्या घरचा पत्ता कुणी दिला रं?"

त्यांच्या शेवटच्या थंडीत अब्बांनी जाळं लावून परीट धरला आणि त्याच्या पायात हिरवं रेशीम बांधलं. गाठ ससाण्याच्या पायात घालतात तीच, एका हातानं मारलेली.

"आता फुडच्या थंडीत बघ," ते गणपतरावांना म्हणाले.

भाद्रपदात अब्बा गेले.

दिवाळी झाली, रंकाळ्यावर चक्रवाक उतरले. मी परसात पुस्तक उघडून बसे. पान उलटत नसे. साळुंक्या आल्या, परीट नाही. गणपतराव रोज सकाळी येऊन जोत्यावर टेकत.

"आला का गं?"

"नाही, काका."

"पाखराचं काय घिऊन बसलीस? सोड की नाद."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर.

एकदा ते म्हणाले, "मेहमुदा, केळी वाळल्या की गं तुझ्या."

मी पाहिलं. केळींपाशी जमीन भेगाळली होती. अब्बा रोज विहिरीचं पाणी ओढून तिथं सोडत. ते गेल्यापासून मी रहाटाला हात लावला नव्हता. परीट टिपतो ते ओल्या मातीत. त्याच्या ताटातलं मीच काढून घेतलं होतं.

त्या दिवशी हात सोलून निघेपर्यंत पाणी ओढलं. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या सकाळी चिखलात परीट होता. शेपटी हलवत तो आमच्या अगदी जवळ आला. पायातलं रेशीम विटलं होतं. गाठ जशीच्या तशी होती.

गणपतरावांनी जोत्यावरून वाकून गाठ निरखली. मग पटका सारखा करून उठले.

"कुठं निघालात, काका?"

"घाटावर. सगळ्यांम्होरं हसलोय, सगळ्यांम्होरंच सांगाय पायजे."

"गाठ कुणाची तेही सांगा."

"त्येच आदी सांगतो की," ते म्हणाले.