अर्धं सोडलेलं आख्यान

या, अशा जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगते. पण आधी कबूल करा, शेवटापर्यंत उठायचं नाही. मी उठले होते, म्हणून तर सगळं घडलं.

माझ्या भावाची, स्वप्निलची मुलगी अवंतिका. सहा वर्षांची. इकडे हिंदी मुलखात, घमापुरात आम्ही एकाच घरात राहतो, म्हणून पोरगी अर्धं हिंदीच बोलते. वैशाखापासून पोरगी नखं कुरतडू लागली, ती रक्त येईस्तोवर. कडुनिंबाचा रस लावला, तर तोंड वाकडं करून तोही चाटला. "काहून खातेस गं? घरातल्या पोळ्या संपल्या का?" मी चिडवायची. ती हसायची नाही. स्वप्निल ओरडायचा, "हात काढ तोंडातून!" की अजूनच कुरतडायची.

आषाढात अंगठा पिकला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर नख काढावं लागेल."

त्याच संध्याकाळी स्वप्निल कामावरून आला आणि उंबरठ्यावर बसून बूट काढू लागला. अवंतिका आतून किंचाळली, "पप्पा, देहरी पे मत बैठो! अंदर आओ, नहीं तो बाहर जाओ!" दोन्ही हात काखेत दाबून ती लटलट कापून राहिली होती.

"काय झालं, बाळा?"

"आत्या, शाम हो गई. पप्पा उंबरठ्यावर आहेत. मेरे नाखून बढ़ गए तो?"

तेव्हा मला उमगलं, पोरगी नखं का वाढू देत नव्हती. नृसिंहजयंतीला मीच तिला कीर्तनाला नेलं होतं. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. देवाने उंबरठ्यावर नखांनी प्रल्हादाच्या बापाला फाडलं, असा रंग बुवांनी भरला की झांजवाल्याचा ठेका चुकला. नेमका तेव्हाच बाहेर ऑटोवाला ओरडला, "चलो माताजी, देर हो रही है!" आणि पोरीला उचलून मी निघाले. आख्यान अर्धं सोडू नये, हे काय मला ठाऊक नव्हतं?

"पप्पा राक्षस थोडेच आहेत?"

"पर चिल्लाते तो हैं," ती कुजबुजली.

स्वप्निलचा चेहरा पांढराफटक पडला. बूट हातातच राहिला.

"पुढचं ऐक," मी म्हटलं. "देवाचा राग शमेना. लक्ष्मीसुद्धा भ्याली. मग एवढासा प्रल्हाद पुढे गेला. देवाने त्याला मांडीवर घेतलं, त्याच हाताने डोकं कुरवाळलं."

"नाखून नहीं लगे?"

"ओरखडासुद्धा नाही."

स्वप्निलने उंबरठ्यावरूनच हात पसरले. ती गेली, पण मुठी मिटून. त्याच्या मांडीवर बसून बराच वेळ तशीच. मग एकेक बोट उघडलं, पप्पांच्या केसांवर ठेवलं.

"लगा क्या, पप्पा?"

"नाही गं राणी." त्याने तिचा हात तिथेच धरून ठेवला.

त्यानंतरही दोनदा ती दचकून बोट तोंडात घालताना दिसली. दोन्ही वेळा गोष्ट पुन्हा सांगितली, शेवटापर्यंत. गेल्या रविवारी मात्र मी नेलकटरने तिचं नख कापलं. तांदळाच्या कणीएवढं पांढरं. तिने ते पप्पांना दाखवलं.

तुम्ही कीर्तनाला जाल, शेवटापर्यंत बसाल, आरती होईल, प्रसादाला हात पुढे कराल. तेव्हा मुठी मिटून बसलेल्या माझ्या अवंतिकेची तेवढी आठवण ठेवा.