तारनाथाची डबी

रुपचंद पाटलांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा मोडेमवरच्या एका इवल्याशा हिरव्या दिव्यावर खिळल्या होत्या. सकाळपासून लुकलुकणारा तो दिवा आता स्थिर झाला होता आणि रुपचंदभाऊंच्या फोनवर केळीचे भाव सरसर उमटत होते. बाया हात जोडून उभ्या होत्या. मोडेमशेजारी, टेलिफोनच्या तारेला तांब्याची एक डबी लटकत होती. हेच तारनाथ महाराजांचं लहरशुद्धी यंत्र.

"तारेतून नुसतं बोलणं येत नाही, बेटा," महाराज डोळे मिटून सांगत होते. "नजर येते, शाप येतो. राहू तारेत अडकला की नेट अडकतं. आम्ही त्याला डबीत बसवतो."

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावात मोबाइलची रेंज आली तर आली. त्यामुळे बऱ्याच घरांत अजून टेलिफोनच्या तारेवरचंच नेट होतं आणि ते सारखं तुटायचं. महाराज आले आणि ते तुटायचं थांबलं. एवढं मात्र खोटं नव्हतं.

तरी काहीजण कुजबुजत होते. त्यांतल्या तोतारामनं कामिनीकडं पाहिलं. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "मॅडम, तुमना घर बी डबी शे ना? खरं शे का?"

"चालतंय खरं," कामिनी म्हणाली.

ती बोलली एवढंच, पण विज्ञानाच्या मॅडमच म्हणतात म्हटल्यावर कुजबुज थांबली. महाराजांनी तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खांबाशेजारच्या घराकडं बोट केलं. "आता राहू शिरतो कुठून ते ऐका. त्या घरावरून सगळ्या तारा जातात. तिथली सावली वाईट आहे."

ते घर भागाबाईचं होतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एका म्हशीचं दूध घरोघरी घालून ती पोट भरायची.

दुसऱ्या दिवशी कामिनीच्या सासूनं आतूनच सांगितलं, "तिला म्हणावं, दूध नको." कामिनी दारात गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "अक्का, आजपासून दूध नको." भागाबाईनं किटलीचं झाकण लावलं आणि पुढच्या दाराकडं वळली. ते दारही उघडलं नाही. शाळेत जाताना कामिनीला भागाबाईच्या घरासमोरच्या गटारीत पांढरा ओघळ दिसला. ती भरभर चालत पुढं निघून गेली.

तिचे सासरे चुडामण नाना वेगळ्याच कारणानं चिडले होते. महाराजांनी त्यांच्या खोलीतला जुना फोन 'दूषित' म्हणून काढायला लावला होता आणि भडगावच्या बहिणीचे फोन त्यांना घेता येईनात. शेवटी कामिनीनं तो पुन्हा जोडून दिला. त्या संध्याकाळी ती ऑनलाइन प्रशिक्षणाला बसली असताना फोन वाजला आणि पडदा गोठला. मोडेमचा दिवा लुकलुकू लागला. डबी जागच्या जागी लटकत होती.

तिनं फोन काढला. दिवा स्थिर झाला. मग तिनं डबीही काढली. दिवा स्थिरच राहिला.

तेव्हा तिला आठवलं, डबी लटकवण्याआधी महाराज प्रत्येक घरात काय काय करायला लावत ते. जादा फोन काढा. जुनी, जोड मारलेली लांब तार फेका. मोडेम फ्रिजजवळून हलवून तार घरात शिरते तिथं ठेवा. गुण सगळा त्यात होता. डबी नंतर यायची.

या शोधानं तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हा प्रयोग तिनं सातवीच्या पोरांना सहज करायला लावला असता. स्वतः केला नव्हता, कारण नेट चालू होतं आणि विचारायची गरज वाटली नव्हती.

अमावस्येच्या आत भागाबाईनं गाव सोडावं, असं महाराजांनी सुचवलं आणि ते ठरवायला पुन्हा रुपचंदभाऊंच्या ओसरीवर माणसं जमली. भागाबाईलाही बोलावलं होतं. ती पायरीखाली उभी होती. कामिनी नानांचा फोन आणि चोपड्याहून आणलेला एक छोटा स्प्लिटर घेऊन आली.

"महाराज, डबी राहू द्या. मी फक्त फोन जोडते."

तिनं फोन जोडला आणि तोतारामला पाटलांच्या घरचा नंबर लावायला सांगितलं. घंटी वाजली, दिवा लुकलुकला, नेट गेलं.

"बाई, तुमच्या मनात किंतू आहे," महाराज म्हणाले.

"असेल. आता डबी तशीच ठेवते आणि फोन या स्प्लिटरमधून जोडते. बोलणं आणि नेट एकाच तारेतून येतात. हा त्यांना वेगळं करतो." घंटी पुन्हा वाजली. दिवा हलला नाही. मग तिनं डबी काढून रुपचंदभाऊंच्या हातात दिली आणि पुन्हा घंटी वाजवायला लावली; तरी दिवा स्थिरच राहिला.

रुपचंदभाऊंनी डबी उघडली. आत चिमूटभर राख आणि एक खिळा होता. महाराज झोळी आवरू लागले, तेव्हा तोताराम दारात आडवा उभा राहिला. "थांबा महाराज, पोलीस येतस."

कामिनी पायऱ्या उतरून भागाबाईसमोर गेली. भागाबाईनं तिच्याकडं सरळ पाहिलं. "तुले तं शिकेल-सवरेल म्हनतस ना, माय. मंग तवय का बरं बोलनी नही?"

"माझं नेट चालू होतं, अक्का," कामिनी म्हणाली.

भागाबाई घराकडं चालू लागली. कामिनीला तिच्यामागं जायचं धाडस झालं नाही. ती लोकांकडं वळली.

"दिवा लागला हे खरं होतं. का लागला, ते आपण विचारलं नाही. मी तर विचारायलाच हवं होतं. एखादी गोष्ट गुणाला आली, म्हणून तिचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, म्हणजे कारण सापडतं. आणि ते सापडेपर्यंत निदान कुणाच्या तोंडावर दार लावू नका."