अकरा गाठी

लग्नाला वीस दिवस झाले तरी मयूरीला सासरी स्वतःचं म्हणावं असं एकच काम मिळालं होतं, आणि तेही इंजिनाचं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या घराची पुढची खोली नवऱ्याच्या, हेमकांतच्या, खेळण्यातल्या रेल्वेने व्यापलेली होती. खेळणं म्हटलेलं त्याला खपत नसे, मॉडेल म्हणावं लागे. नव्या इंजिनाची गंमत अशी, की ते पुढे निघालं की मागचा दिवा लागे आणि मागे घेतलं की पुढचा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती, गावोगावच्या लेकी माहेरच्या झोक्यांकडे निघाल्या होत्या, आणि हेमकांत हसत म्हणाला होता, "दिवा नीट करी दे, सकायलेच तुले नवापूरले सोडी येसु." त्याचं हसू गमतीचं नसतं, हे कळायला वीस दिवस पुरले होते.

"तुन्हा बाप कोंबडीस्ले दिवा लावस, तू गाडीले लाव," तांदूळ निवडता निवडता जसोदाबाईंनी सुनेला टोला हाणला.

त्यात खोटं काही नव्हतं. तिचे वडील नवापूरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पिलांना ऊब देणारे दिवे दुरुस्त करत. उजव्या हाताचं बोट पंख्यात गेल्यापासून ते वायरीला सोल्डर लावण्याआधी डाव्या हाताने उलटी गाठ मारत, आणि मयूरी तीच शिकली होती.

तिने इंजिनाचं टरफल सोडवलं. आतल्या चिपमधून निघालेली पांढरी वायर पुढच्या दिव्याला जायला हवी, पिवळी मागच्या. कुणीतरी अदलाबदल केलेली, एवढंच. दहा मिनिटांचं काम. पण भिंग धरून पाहिलं तर पांढरी वायर अखंड नव्हतीच. पांढरा तुकडा, त्याला पिवळा, त्याला पुन्हा पांढरा, असे नखाएवढे तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येक जोडावर मोहरीएवढी उलटी गाठ. तिने मोजल्या. अकरा होत्या. अशी गाठ मारणारं दुसरं माणूस तिला एकच ठाऊक होतं, आणि केसाएवढ्या वायरीला ती मारण्याइतकी नजर वडिलांना आता उरली नव्हती.

"हाई पहिले कोनी उघाडं व्हतं का?" तिने विचारलं.

"कोरं शे ते," मोबाइलमधून मान न काढता हेमकांत म्हणाला. "खोकं तुन्हासमोरच फोडं ना मी?"

फोडलं होतं. चिकटपट्टी फाटल्याचा आवाजसुद्धा तिला आठवत होता. जसोदाबाईंचा हात तांदळात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

सोल्डरिंग गन तापेपर्यंत तिने खिडकीबाहेर पाहिलं. उसाचा हंगाम संपला, कारखाना थंड झाला, म्हणून तर लग्नाची तारीख धरली होती. आणि रस्त्यावर मात्र शेंड्याच्या हिरव्या वाढ्यांसकट ऊस लादलेल्या ट्रॉल्यांची रांग फाटकापर्यंत लागली होती, चिमणी धूर सोडत होती. आखाजीला कुठला ऊस? तिने बोटांवर दिवस पुन्हा मोजले. वीसच भरले. विचारावंसं वाटलं, पण एक प्रश्न जास्त झाला तर उद्याचं जाणं राहील, म्हणून तिने गन उचलली.

शेवटच्या जोडापाशी कापल्यावर गाठ मारायला वायर दोन तांदळांएवढीच उरली. या खेपेला गाठ कशीबशी बसली, पुढच्या खेपेला बसणार नाही, असं तिच्या मनात आलं, आणि पुढची खेप हे शब्द आपल्याला सुचलेच कसे, असा विचार करत तिने टरफल परत बसवलं.

इंजिन पुढे निघालं. पुढचा दिवा लागला.

"वा!" हेमकांत म्हणाला. "बॅग भर."

तिने लगोलग नवापूरला फोन लावला. "आप्पा, सकाय येसु मी."

"ये माय, ये. झोका बांधेल शे," वडील म्हणाले, पाठ केलेलं म्हणावं तसं. मागून आईने कुणाचा फोन, असं विचारलं. वडिलांनी फोनवर तळवा ठेवला असावा, तरी त्यांचा थकलेला आवाज आलाच.

"हां, तीच. आज बी दिवा लागना तिन्हा."

दिव्याचं मयूरीने अजून काहीच सांगितलं नव्हतं.