बाई नेमक्या कशासाठी गेल्या

बाईंना सभागृहात निवडून येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. त्याआधी बावीस वर्षं त्या शाळेत गणित शिकवत होत्या. मतदारसंघात लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणत आणि सभागृहातही तेच नाव चिकटलं. उत्तर एक तर बरोबर असतं नाही तर चूक, अशा सरळ समजुतीवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या एका दौऱ्याने मात्र त्यांची अशी काही पंचाईत केली, की अजूनही त्यांना ती कुणाला धड समजावून सांगता येत नाही.

सुरुवात झाली अक्काच्या फोनने. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दूरच्या एका बंदराच्या गावात, सरकारी इस्पितळात ती मुलांच्या वॉर्डाची मुख्य परिचारिका होती, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होत होती.

"शुक्रवारी चार वाजता निरोप समारंभ आहे," अक्का म्हणाली. "पत्रिकेवर प्रमुख पाहुणी म्हणून तुझं नाव छापलंय. मला न विचारता छापलंय हं. पण आता छापलंय. येशील ना गं बुटके?"

बुटकी ही बाईंची लहानपणची पदवी. पुढे त्या अक्कापेक्षा चांगल्या वीतभर उंच झाल्या, पण पदवी काही कुणी काढून घेतली नाही.

"येशील ना काय विचारतेस? येणारच!"

फोन ठेवून बाईंनी नानांना हाक मारली. नाना त्यांच्या कार्यालयातले सहायक. बाईंच्या आधी त्यांनी चार सभासद सांभाळले होते, त्यामुळे कुठला कागद कुठल्या टेबलावर झोपतो आणि कशाने जागा होतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"नाना, शुक्रवारचं विमानाचं तिकीट काढायचंय. माझ्या पैशांनी."

नानांचा लिहिता हात थांबला. "तुमच्या पैशांनी कशाला? तुम्ही पाणीपुरवठा समितीवर आहात. त्या गावात पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. दहा मिनिटं जायचं, एक फोटो काढायचा, झाला दौरा सरकारी."

"पण मी जाणार अक्कासाठी."

"मनात काय आहे ते अर्जात विचारत नाहीत, बाई."

"असं चालतं?"

"चालतं काय, धावतं!"

बाई विचारात पडल्या. समितीच्या सभासदाने केंद्र पाहावं, यात वावगं काय? उलट पाहायलाच हवं. मग आपण केंद्र पाहणार, हे खरंच झालं की. आणि तरी ते खरं नव्हतं. पेन हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. नाना समोर उभेच होते. शेवटी, त्यांना तरी किती ताटकळत ठेवायचं, एवढ्याच कारणाने बाईंनी सही केली.

शुक्रवारी दुपारी दोनला त्या केंद्रावर पोचल्या. फाटकात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक बारकी बाई उभी होती. ती तिथली अभियंता.

"तीन वर्षं पत्रं पाठवतेय मी," ती म्हणाली. "कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. तुम्ही आमच्यासाठी मुद्दाम आलात!"

'मुद्दाम' हा शब्द बाईंना चपलेतल्या खड्यासारखा टोचला. त्यांनी घड्याळ बघितलं. पण अभियंता तोवर भराभरा पुढे निघाली होती.

चार टाक्यांपैकी दोन कोरड्या ठणठणीत होत्या. क्लोरीन सोडायचं यंत्र अकरा महिने बंद होतं. त्याच्या जागी एक कामगार पत्र्याच्या मगाने पाण्यात पावडर टाकत होता.

"किती टाकता?" बाईंनी विचारलं.

"अंदाजे," तो म्हणाला. "कधी दीड मग, कधी दोन."

अंदाजे! बावीस वर्षं ज्या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली, तो शब्द एका अख्ख्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात पडत होता. बाईंनी पाण्याच्या आवकीची आणि टाकलेल्या मगांची वही मागितली, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून आकडेमोड सुरू केली. एका दिवशी औषध हवं त्याच्या निम्मं पडलं होतं, दुसऱ्या दिवशी दुप्पट. त्यांनी मागचा महिना मागितला, मग त्याच्या मागचा. अभियंता शेजारी उकिडवी बसून एकेक पान उलटून देत होती. बाईंनी मान वर केली तेव्हा पावणेसहा वाजले होते, आणि पर्समधल्या मुक्या फोनवर अक्काचे नऊ फोन येऊन गेले होते.

इस्पितळाच्या सभागृहात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या जात होत्या. अक्का केव्हाच घरी गेली होती. बाई धापा टाकत तिच्या दारात पोचल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरात पुष्पगुच्छ बरणीत कोंबत होती.

"भाषण कुणी केलं मग?"

"भांडारपालाने. माझं नाव चुकीचं घेतलं, तेही तीनदा."

"अक्का, मी पाण्याच्या केंद्रावर अडकले गं."

"पाण्याच्या केंद्रावर? म्हणजे तू कामाला आली होतीस."

"तुझ्यासाठीच आले होते!"

"मग पाण्याकडे कशाला गेलीस?"

"तिकीट सरकारी होतं. काहीतरी काम दाखवावं लागतं."

अक्काने बरणी खाली ठेवली. "म्हणजे माझ्याकडे यायला तुला निमित्त लागलं. आणि मग ते निमित्तच खरं निघालं आणि मी राहिले बाजूला. असंच ना?"

परतीच्या विमानात अख्खी वाट बाई खिडकीबाहेर ढग बघत बसल्या आणि अक्काचं वाक्य पुन्हा पुन्हा सोडवत राहिल्या. उत्तर दर वेळी वेगळंच येई.

परत आल्यावर त्यांनी असा सडेतोड अहवाल लिहिला, की समिती खडबडून जागी झाली. नवं यंत्र मंजूर होण्याच्या बेताला आलं, आणि तेवढ्यात एका वार्ताहराचा फोन आला. निरोप समारंभाची पत्रिका त्याच्या हाती लागली होती.

"बाई, तुम्ही बहिणीच्या समारंभाला सरकारी खर्चाने गेलात?"

"मी समारंभाला गेलेच नाही."

"मग पत्रिका खोटी?"

"पत्रिका खरी आहे."

"म्हणजे पाण्यासाठी गेला होतात?"

"हो. नाही, म्हणजे पाण्यासाठी गेले नव्हते, पण गेल्यावर पाणीच पाहिलं."

"मग मी छापू काय?"

"मला तासभर द्या," बाई म्हणाल्या.

नाना दारातच उभे होते. "पाण्यासाठी गेले, एवढं सांगून मोकळं व्हा. फोटो आहे, अहवाल आहे. एक शब्द खोटा नाही."

"शब्द एकही खोटा नाही, नाना. पण सगळे मिळून खोटं होतं."

तासाभराने त्यांनी वार्ताहराला जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिकिटाचे पैसे भरून टाकते, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'बहिणीच्या कौतुकासाठी सरकारी विमान.' पाण्याबद्दल शेवटी दीड ओळ होती. समितीचे अध्यक्ष दर उन्हाळ्यात थंड हवेच्या एका गावी कालवे तपासायला जात, आणि त्या गावात कालवा नव्हता. त्यांनी गंभीर चेहरा करून जाहीर केलं, की बाईंचा अहवाल म्हणजे झाकपाक दिसते, चौकशी होईपर्यंत तो बाजूला ठेवावा.

संध्याकाळी अभियंतेचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. "मुद्दाम आमच्यासाठी आले होते, एवढंच म्हणाला असतात तर आज यंत्र आलं असतं. आता अजूनही मगानेच टाकतोय."

बाईंनी फोन ठेवला. खोटं बोलून गेले तर गावाचं काम होत आलं, आणि खरं बोलले तर ते अडलं. हे कुठल्या इयत्तेचं गणित, त्यांना उमगेना.

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. "पेपर वाचला. तू माझ्यासाठीच आली होतीस म्हणे."

"तेच तर सांगत होते तुला!"

"तू सांगितलंस तेव्हा खरं वाटलं नाही. छापून आल्यावर वाटलं." "बुटके, पेपरात शेवटी लिहिलंय ते पाण्याचं यंत्र किती महिने बंद आहे गं?"

"अकरा."

"तेच अकरा महिने माझ्या वॉर्डात जुलाबाची मुलं दुपटीने येत होती. आम्ही आपले खाण्याला दोष देत बसलो."

पुढचं सगळं अक्काने केलं. डॉक्टरांकडून महिनावार नोंदी लिहून, सही करून घेतल्या. चौदा तास बसने प्रवास करून ती समितीच्या बैठकीत हजर झाली आणि छत्तीस वर्षं वॉर्ड गप्प करणाऱ्या आवाजात अध्यक्षांना म्हणाली, "तीच ती बहीण मी. मी माझ्या तिकिटाने आलेय. आता माझं ऐका." अध्यक्षांनी ऐकलं. ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. महिन्याभरात यंत्र बसलं.

अक्का मग आठवडाभर बाईंकडेच राहिली. ती असतानाच चौकशीचं पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की दौरा नियमाला धरूनच होता. दुसऱ्यात लिहिलं होतं, की सभासदांनी पैसे परत केले हे योग्यच झालं, आणि असे दौरे टाळावेत.

अक्काने चष्मा लावून ते दोनदा मोठ्याने वाचलं. "म्हणजे तुझं चुकलं की नाही चुकलं?"

"मलाही तेच कळत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मग यांना विचार ना!"

बाईंनी खरोखरच कागद ओढला आणि 'महोदय' लिहिलं. पुढे नेमकं काय विचारायचं, याच्यावर दोघी बहिणी जेवणाची वेळ टळेपर्यंत वाद घालत बसल्या.