आईची रोजची दुखणी

त्या दुपारी आईला हृदयविकार झाला होता. आदल्या दिवशी कावीळ झाली होती, त्याच्या आधी पाय मोडला होता, आणि मागच्या आठवड्यात तर ती ठार बहिरा म्हातारा होऊन बसली होती. प्रश्न विचारता विचारता लेकीचा घसा बसायची वेळ आली, तेव्हा म्हातारा म्हणाला, "ओरडतेस कशाला गं? बहिरी आहे का मी?" आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

लेक नर्सिंगच्या प्रवेशाची लेखी परीक्षा पास झाली होती. मुलाखत तेवढी राहिली होती. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता वयाची अट आडवी येणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. मुलाखतीत पेशंटशी कसं बोलाल ते विचारतात, असं कुणीसं सांगितलं, आणि आईने कंबर कसली. पेशंट विकत थोडाच आणायचा होता!

पुढच्या खोलीत आईचं इस्त्रीचं दुकान होतं. लॉजच्या चादरींचा ढीग एका बाजूला, शाळेच्या गणवेशांचा दुसऱ्या. लेक टेबलाच्या टोकाशी पुस्तक घेऊन बसायची, आणि इस्त्री फिरवता फिरवता आई आजारी पडायची. लक्षणं त्याच पुस्तकातली. सकाळी चोरून वाचायची आणि दुपारी भोगायची.

"डावा हात जड झालाय गं, सिस्टर," आई म्हणाली. लेकीला ती आत्तापासूनच सिस्टर म्हणायची. "जबडाही ओढल्यासारखा वाटतोय."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"छातीत दाबल्यासारखं होतंय की टोचल्यासारखं?"

"वर कुणीतरी बसलंय, असं."

"छान. हृदयविकार. पण घाम विसरलीस, आई. एक मार्क कापला."

"इस्त्रीपुढे उभ्या बाईला घामाचा काय तोटा? हा बघ."

"तो इस्त्रीचा घाम. तो धरत नाहीत."

आई हसली. इस्त्री उभी करून स्टुलावर बसली. "बरं, मग काय करशील?"

"पेशंटला बसवीन, धीर देईन, डॉक्टरांना बोलवीन."

"मग बोलव की."

"डॉक्टर राउंडला गेलेत."

"मेले तेही! रोज मरे त्याला कोण रडे," आई म्हणाली आणि थोड्या वेळाने उरलेल्या चादरी करायला उठली. त्या नेहमीसारख्याच नीट झाल्या. संध्याकाळी ती जरा कमी जेवली आणि लवकर आडवी झाली. सकाळी उठली नाही.

भेटायला येणाऱ्यांना बाबा एकच सांगत. बाबा बसचे ड्रायव्हर. सवयीने समोर बघतच बोलायचे. "काही दुखलं-खुपलं नाही हो तिला. झोपेतच गेली. सुटली." मावशी म्हणायची, "पुण्यवान!" बाकीचे माना डोलवायचे. लेक कप गोळा करून आत न्यायची.

पुस्तकाचं ते पान तिला तोंडपाठ होतं. डावा हात, जबडा, छातीवर कुणी बसल्यासारखं. आईने त्या दुपारी म्हटलेला शब्द न् शब्द त्यात होता. मग आईने पाठ केलेलं म्हणून दाखवलं होतं, की तिला होत होतं ते पाठ केलेल्याशी जुळलं होतं? ती स्टुलावर बसली ती भूमिकेसाठी, की उभं राहवेना म्हणून? कधी लेकीची खात्री पटायची की नाटकच होतं. आई कधी काही लपवणारी नव्हती, भाजी अळणी झाली तरी गावभर सांगणारी. मग भांडी घासताना वाटायचं, बायका भाजीचं सांगतात; छातीचं सांगतात का? आता विचारायचं तरी कुणाला? त्या दुपारी सगळे प्रश्न तर विचारून झाले होते. एकच राहिला होता.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी जात नाही."

बाबा बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "तुझ्यासाठी ती रोज मरायची, आणि तुला एकदा तिथवर जाववत नाही?"

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला प्रवेश मिळाला, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाखतीच्या खोलीत काय झालं, ते बाबांनाही ठाऊक नाही.

टेबलापलीकडे तिघं बसली होती. एक डॉक्टर, एक ऑफिसातले गृहस्थ, आणि मधे नर्सांच्या प्रमुख, मेट्रन. मेट्रन बाईंचा आवाज कोरडा होता, पण खालमानेने बोललेलं त्यांना चालत नव्हतं. "मान वर," त्या दोनदा म्हणाल्या. नर्स का व्हायचंय, घरी कोण कोण असतं, रात्रपाळी झेपेल का, सगळं झालं. आई नाही, हेही सांगून झालं.

"आता एक सांग," मेट्रन म्हणाल्या. "वॉर्डात एक बाई आहे. रोज नवं दुखणं काढते. आज पोट, उद्या डोकं. सगळा स्टाफ तिला हसतो, तीही हसते. आज पुन्हा म्हणते, दुखतंय. तुझे हात कामात आहेत. काय करशील?"

"वरिष्ठांना कळवीन," लेक म्हणाली. पुस्तकातलं उत्तर होतं.

"ते नंतर. आधी?"

"नाडी बघेन. रक्तदाब..."

"त्याच्याही आधी. ती तुझ्याकडे बघतेय. आणि हसतेय."

लेकीने मान वर केली, पण टेबलापलीकडे तिला ती तिघं दिसत नव्हती.

"तिला विचारेन."

"काय विचारशील?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मेट्रननी हात किंचित वर करून त्यांना थांबवलं.

"आई," ती म्हणाली, "खरंच दुखतंय का गं तुला?"