शेवटच्या ढोलाची गाठ

पाठ फिरवून मोजायचं, हा नियम माझा. अमिरातीतल्या सहा ढोल-ताशा पथकांचा मिळून एक महासंघ आहे. त्याची मी चार वर्षं खजिनदार होते, आणि खजिनदार कोणालाच आवडत नाही हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. भांडण दरवर्षी एकच. गणपतीत आमचा दुबईत मोठा तिकिटाचा कार्यक्रम होतो, जाहिरातदार मिळतात, आणि जमलेल्या पैशांचे वाटे पडतात. अर्धी रक्कम सहाही पथकांना सारखी, उरलेली अर्धी ढोलांच्या संख्येवर. संख्येवर म्हटल्याबरोबर लोकांना मामेभाऊ आठवू लागले. ज्याने जन्मात ढोलाचं टिपरू हातात धरलं नाही असा माणूसही झब्बा घालून रांगेत उभा राहायचा.

म्हणून मी एका सभेत हजेरीचा ठोका आणला. सगळ्यांनी ढोल बांधून एका रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या पथकाच्या माणसाने रांगेकडे पाठ करायची. पुढून मागे, प्रत्येकाने एकच ठोका द्यायचा. फुटका ठोका आला की वाजवणारा नवशिका, तो धरायचा नाही. एकाने दोनदा वाजवलं तरी कळतं, कारण आवाज पुढून मागे सरकत जातो. तोंडं बघितली की मोजणारा विरघळतो. कोणी आपल्या बिल्डिंगमधला असतो, कोणी नवऱ्याच्या ऑफिसातला. पाठ फिरवली की फक्त कान राहतो, आणि कानाला भीडभाड नसते.

त्याच सभेत मी दुसरा नियमही करून घेतला. ज्या पथकाचे ढोल वीसच्या खाली जातील त्याचं सभासदत्व संपलं, आणि त्याचा वाटा बाकीच्यांत वाटला जाईल. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मुसफ्फ्याच्या पथकानेही.

मुसफ्फा म्हणजे कारखान्यांची वसाहत, आणि तिथलं पथक म्हणजे वेल्डर, फिटर, स्कॅफोल्डिंगवाले. बहुतेक गुहागर-दापोलीकडचे, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारे एकटे बाप्ये. परवानगीवाचून उघड्यावर ढोल वाजवता येत नाही, तेव्हा त्यांनी एका वर्कशॉपच्या मागची शेड भाड्याने घेतली होती. भाडं जायचं ते महासंघाच्या वाट्यातून. वाटा गेला की शेड जाणार, आणि शेड गेली की पथक मोडणार. रविवारचे ते तीन तास सोडले तर त्या माणसांच्या आठवड्यात काय होतं, ते मला विचारू नका. मला माहीत आहे.

मे महिन्यात त्यांचा दत्ताराम गेला. झोपेतच गेला, उठवायला गेले तर उठला नाही. तो रांगेत कायम शेवटचा असायचा. ढोल आपला आपल्याला नीट बांधता येत नाही, पट्टा पाठीमागे आवळावा लागतो, म्हणून पथकात मागचा पुढच्याला बांधतो. दत्तारामचं बांधणं सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या कार्यक्रमात माझा ढोल त्यानेच बांधला होता. दुबईतल्या करामाच्या आमच्या पथकातल्या पोरी फोटो काढण्यात गुंग होत्या, तेव्हा मागून आवाज आला, "ताई, श्वास सोडा." मी सोडला. पट्टा असा आवळला गेला की मणका सरळ झाला. मग दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं, आणि ढोलाच्या अंगावर दोन बोटांनी टकटक. म्हणजे झालं. बाकी सगळे मला मॅडम म्हणत. ताई म्हणणारा तो एकटा.

ऑगस्टमध्ये कोणी कुठे मोजायचं याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि मुसफ्फा माझ्या वाट्याला आलं.

"तुझाच नियम, तुझीच मान," गाडी चालवताना सदानंद म्हणाला. माझा नवरा आहे, त्याला असलं बोलायचा परवाना आहे. "एकोणीस निघाले तर करामाला किती मिळतील?"

"आठ हजार दिरहम."

"म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये. शुभ्रा खूश होईल."

शुभ्रा आमच्या पथकाची प्रमुख. नव्या ध्वजांचं माप तिने आधीच शिंप्याला दिलं होतं. मुसफ्फ्याकडे एकोणीस जण उरलेत, हे सगळ्या महासंघाला माहीत होतं. मी फक्त शिक्का मारायला चालले होते, आणि त्याचा मला राग येत होता.

दुपारचे बारा वाजले असतील. सदानंद गाडीत एसी लावून बसला. मी शेडमध्ये शिरले आणि धनंजयने मागे शटर ओढलं. धनंजय पथकाचा प्रमुख, ताशा त्याच्याकडे. वर ट्यूबलाइट, बाजूला मोठा पंखा, आणि घामाचा, ऑइलचा, उदबत्तीचा मिसळलेला वास. माणसं रांगेत उभी होती. रांगेच्या शेवटी, सुजीतच्या मागे, एक ढोल जमिनीवर उभा ठेवलेला होता. त्याला हार घातला होता. दत्तारामचाच, हे कोणी सांगायला नको होतं.

मी पुढे जाऊन पाठ फिरवली. समोर बंद शटर. "यल्ला, करा सुरू," मी म्हटलं.

ठोके सुरू झाले. एकेक भरलेला, गोल. मी बोटं मिटत गेले. आवाज मागे मागे जात राहिला, आणि एकोणिसावा पडल्यावर मी हुश्श करून वळणार, तोच आणखी एक पडला. सगळ्यात लांबचा, सगळ्यात खोल.

मी वळले. माणसं एकोणीस. शेवटचा ढोल जमिनीवर होता तसाच. हारातलं एक फूलही हललेलं नव्हतं.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "हे मला चालणार नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर मोजणी वाढवता? लाज नाही वाटत?"

धनंजयने ताशा उतरवून खाली ठेवला.

"मॅडम, आम्ही ट्वेंटी बोललोच नाय," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही एकोणीस आहोत. तुम्ही एकोणीसच लिवा. खलास करा."

"मग विसावा ठोका कोणी दिला?"

"तो येतोच. जूनपासून प्रत्येक रविवारी येतो. आम्ही मागं बघत नाय. महासंघाला कळवलं असतं तर तुम्हीच बोलला असता, वाट्यासाठी भुताची गोष्ट रचली."

खरंच बोलले असते. मी भिंतींकडे बघितलं. पत्र्याच्या भिंती, मागे रिकामी जागा. घुमतो आवाज, दुसरं काय. मी रांगेच्या शेवटी गेले आणि सुजीतच्या पाठीवर नजर पडली. सुजीत पंचविशीचा, पाईप फिटर. त्याच्या कमरेला दुहेरी गाठ होती, टोक आत खोचलेलं.

"तुझा ढोल कोणी बांधला?"

तो पुढेच बघत राहिला. "मागच्याने."

"मागे कोण आहे?"

"मॅडम, मी बांधायला येतो," धनंजय पलीकडून म्हणाला. "शेवटच्याला मीच बांधायचं असतं. येऊन बघतो तर बांधलेला असतो."

मी ऑडिटमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. जे जुळत नाही ते पुन्हा मोजायचं, एवढंच मला येतं. म्हटलं, ही रिकामी जागाच भरून टाकू. तिथे मी उभी राहते, हा ढोल मीच उचलून पोटाशी धरते, मग बघू कोण वाजवतं. हार काढून बाजूला ठेवला. ढोल जड होता. पट्टा दोन्ही बाजूंनी लोंबत होता. रांगेकडे पाठ करायचा नियम होता, म्हणून मी तोंड मागच्या भिंतीकडे केलं. भिंत आणि माझ्या ढोलात हातभर अंतर. तिथे माणूस मावणं शक्य नव्हतं. "यल्ला," मी पुन्हा म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

या वेळी ठोके माझ्या दिशेने येत होते. दहा झाले, पंधरा झाले. सुजीतचा पडला तेव्हा माझ्या पाठीला हादरा बसला. एकोणीस. मी वाट बघितली.

शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज. ठोका आला नाही. सुटले, असं मनात आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. म्हणजे एकोणीसच. म्हणजे शेड गेली.

मग लोंबणारा पट्टा हलला.

डावीकडचं टोक आधी, मग उजवीकडचं. दोन्ही माझ्या कमरेमागे गेली. मला वळता येईना. सुजीतचे हात त्याच्या ढोलावर होते, हे मी नंतर सगळ्यांना विचारून घेतलं. एकाचेही हात जागचे हलले नव्हते. पण तेव्हा विचारायला तोंड उघडत नव्हतं, आणि मी श्वास रोखून धरला होता. पट्टा थांबला. थांबूनच राहिला. ढोल बांधून घेणारा श्वास सोडत नाही तोवर बांधणारा आवळत नाही, हे ज्याने ढोल बांधला आहे त्याला सांगावं लागत नाही.

मी श्वास सोडला.

पट्टा आवळला गेला. मणका सरळ झाला. एक गाठ, तिच्यावर दुसरी, टोक आत. मग ढोलाच्या अंगावर, माझ्या डाव्या कोपराजवळ, टकटक.

मला भीती वाटली का? अहो, भीतीने माझे दात वाजत होते. पण त्या भीतीतच मला कळलं की इतके रविवार हा माणूस जागा राखत होता. जागा भरेपर्यंत ठोका त्याने दिला होता. आता माणूस उभा होता, ढोल बांधून झाला होता, आणि पुढचं काम त्याचं नव्हतं. टिपरू ढोलाच्या दोरीत खोचलेलं होतं. मी ते उपसलं आणि मारलं.

ठोका फुटका आला नाही. देवाशपथ, आयुष्यात माझा हात इतका नीट कधी पडला नव्हता. धनंजय रडायला लागला, मग सुजीत, मग मीही. गाठ सोडवायला दोघे लागले.

बाहेर आले तर सदानंद काच खाली करून बसलेला. "दोनदा वीस ऐकले मी. मग एवढा वेळ कसला?" तो म्हणाला. मी गाडीत बसून वीस लिहिलं, विसावं नाव माझं लिहिलं आणि त्याच कागदाच्या मागे खजिनदारपदाचा राजीनामा. एका माणसाने एकाच पथकात वाजवायचं, हाही नियम माझाच. करामाचं पथक सुटलं. शुभ्रा अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचे ध्वज जुनेच आहेत. सदानंद दर रविवारी मला करामाहून मुसफ्फ्याला नेण्या-आणण्याचं पेट्रोल मोजून दाखवतो. उंटावरून शेळ्या हाकत होतीस तेच बरं होतं, म्हणतो. नेतो मात्र.

या वर्षी दोन नवे फिटर आले आणि आम्ही बावीस झालो. धनंजयने मला दोनदा सुचवलं, मॅडम, आता पुढे या, मागे पोरं उभी राहतील. मी जागा सोडली नाही. मोजणीला रोल्लाच्या पथकातला निनाद नावाचा मुलगा आला होता. त्याने पाठ फिरवून मोजलं, बावीस. वळून मोजलं, तरी बावीस. जास्तीचा ठोका आता कधीच येत नाही. मग तो रांगेच्या कडेने बघत बघत माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"सुहासिनी मॅडम, तुम्ही शेवटच्या ना? धनंजयभाऊ तर पुढे होते. मग तुमचा ढोल कोणी बांधला?"

"मागच्याने," मी म्हटलं.

त्याने माझ्यामागे बघितलं. मागे हातभरावर पत्र्याची भिंत होती. त्याने आकडा लिहिला आणि प्यायला पाणी मागितलं.