लहान्याची दोरी

झाईच्या स्टँडजवळ पुतळीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चार खांब, वर पत्रा, पुढे फळी आणि बाहेर एक बाकडं. बिड्या, काडेपेट्या, बिस्किटं, खारे दाणे, साबणाच्या वड्या. असली दुकानं पायलीला पन्नास मिळतील. पण पुतळीकडे एक गोष्ट अशी होती जी इथून डहाणूपर्यंत कुणाकडे उरली नव्हती, आणि त्याचा तिला भारी तोरा. उजव्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली असायची आणि तिचं टोक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धुमसत असायचं. गिऱ्हाइकाने बिडी घ्यायची, दोरीच्या टोकाला टेकवायची, दोन झुरके ओढले की पेटली. काडी लागत नाही आणि समुद्राचा वाराही आडवा येत नाही.

ही दोरी पहिल्यांदा पेटवली तिच्या नवऱ्याने, लहान्याने. लहान्या आधी काळूच्या होडीवर होता. जाळं ओढताना त्याचा हात मोडला, तो काही सरळ बसला नाही, म्हणून त्याने दर्या सोडून हे दुकान टाकलं. पहिल्या दिवशी लोकांनी नारळ आणले, पेढे आणले. काळूने काय आणावं? होडीच्या नांगराचा जुना काथ्याचा दोर! म्हणाला, "याने मला इतकी वर्षं धरून ठेवलं, आता तुला धरून ठेवील." लहान्याने तो दोर उसवला, बारीक दोऱ्या वळल्या आणि एक पेटवली. तेव्हापासून नियमच झाला. एक दोरी संपत आली की तिच्याच विस्तवावर दुसरी लावायची. दुकान बंद करताना टोक राखेच्या बोळक्यात झाकायचं, सकाळी फुंकर मारून जागं करायचं. पुढे होड्यांवर नायलॉनचे दोर आले. ते मेले धुमसत नाहीत, नुसते वितळतात आणि घाण वास मारतात. तरी काळू कुठून कुठून, कधी उंबरगावहून तर कधी डहाणूच्या बाजारातून, काथ्या पैदा करायचाच.

नऊ वर्षांपूर्वी लहान्या गेला. दुकान तेरा दिवस बंद. दुकानाकडे बघायचं भान पुतळीला कुठलं असणार? चौदाव्या दिवशी कुलूप काढायला आली तर काळू बोळकं हातात धरून उभा. तेरा दिवस त्याने ते आपल्या घरी चुलीपाशी ठेवलं होतं आणि सकाळ-संध्याकाळ फुंकर मारली होती.

"घ्या वहिनी," तो म्हणाला. "लहान्याचा विस्तव."

पुतळी तेव्हा जशी रडली तशी नवरा गेला त्या दिवशीही रडली नव्हती.

मग नऊ वर्षं काळू रोज सकाळी सातला यायचा. होडी आता त्याचा मुलगा धनेश बघतो, त्यामुळे म्हातारा मोकळाच. बाकड्याच्या डाव्या टोकाला बसायचा. उजवं टोक लहान्याचं, ते रिकामं ठेवायचा. एक बिडी दोरीवर पेटवायची, दुसरी कानावर लावायची आणि लहान्याच्या गोष्टी सुरू. वारा फिरला आणि दोघं दमणला कसे वाहत गेले, तिथे एका म्हातारीने त्यांना चोर समजून झाडूने कसं बडवलं. पुतळी फळीच्या आत, पाठमोरी, पुडे लावत ऐकायची. "पुरे हो भावजी, शंभरदा ऐकलं," असं तोंडाने म्हणायची. आणि एखाद दिवशी त्याने सांगितलं नाही तर दिवसभर तिचं कशात लक्ष लागायचं नाही. लहान्याचं नाव घेणारं आता उरलं होतं कोण? मुलगी रूपी लग्न होऊन तलासरीला, ती आपल्या संसारात. बाकीच्यांना लहान्या म्हटलं तर कोण लहान्या असं विचारावं लागे.

यंदा संक्रांत झाली आणि काळू यायचा बंद झाला.

पहिले दोन दिवस पुतळीला वाटलं, गेला असेल लेकाबरोबर होडीवर. तिसऱ्या दिवशी वाटलं, ताप-बीप असेल. चौथ्या दिवशी धनेशच्या होडीवरचा एक खलाशी बिस्किटं घ्यायला आला, तो म्हणाला, "काळूकाका? गावातच आहेत की. आत्ताच सुरूच्या बनामागून स्टँडकडे जाताना दिसले."

सुरूच्या बनामागून! म्हणजे वाळू तुडवत, लांबचा वळसा घालून. सरळ रस्ता हिच्या दुकानावरून जातो तो टाकून. पुतळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टँडच्या पलीकडे महिन्याभरापूर्वी एक नवं दुकान झालं होतं, काचेचा फ्रिज, रंगीत दिवे, फळीवर लायटरची माळ. तिला वाटलं, झालं, म्हातारा तिकडे गेला. माणूस एवढा लाजला तर मान खाली घालून इथूनच जातो, पण हा तर पाठीमागून!

आता खरं सांगायचं तर लायटरला ती कधीच घाबरली नव्हती. गावात आता सगळ्यांच्या खिशात लायटर होते. दोरीला टेकवणारा रोजचा माणूस एकटा काळूच उरला होता. दोरी धुमसायची ती एका काळूसाठी, आणि हे तिचं तिलाच ठाऊक होतं. म्हणून तर झोंबलं.

पुढचे अडीच आठवडे तिने काळूच्या नावाने बोटं मोडली. पण गंमत बघा, रोज सातला तिचा हात आपसूक बिडीच्या कट्ट्याकडे जायचा. कट्टा उचलायचा, फळीवर ठेवायचा, आणि मग तिच्या ध्यानात यायचं. "मेल्या हाता, तुला कळत कसं नाही?" असं ती हातालाच बोलायची.

शेवटी न राहवून ती किनाऱ्यावर गेली. काळूची बायको रखमी बांबूवर बोंबील वाळत घालत होती.

"काय गो रखमी, नवऱ्याला मोठ्या दुकानाची चटक लागली म्हणे! गरिबाचं दुकान आता नजरेत भरत नाय."

रखमीने हातातला बोंबील तसाच धरला. "कसलं दुकान? बाय, त्याने बिडी सोडली. आज बावीस दिवस झाले."

"सोडली?" पुतळी म्हणाली. "अशी कशी सोडली? मला सांगितलं पण नाय?"

हे तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी वाटलं. पण दुकानदाराचं मन असं असतं खरं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर शिव्या देता येतात. गिऱ्हाइकाने सोडलंच तर त्याला बोलणार काय?

रखमीने सगळं सांगितलं. धाप लागत होती म्हणून तलासरीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी एक नळीचं यंत्र हातात दिलं, त्यात प्लास्टिकच्या तीन गोळ्या. श्वास आत ओढला की गोळ्या वर जायला पाहिजेत. "जन्मभर जाळी ओढली त्या माणसाने, एक गोळी हलेना बघ. तिथेच रडायला लागला. आता घरी रोज ओढतो. नात समोर बसून मोजते. परवा दोन गोळ्या वर गेल्या तर पोरीने आळीभर सांगितलं."

"मग दुकानावर यायला काय झालं? मी काय जबरदस्तीने तोंडात कोंबणार होते?"

"तुझ्या दोरीचा वास, बाय," रखमी म्हणाली. "लांबून आला तरी त्याचे हात कापतात. म्हणून बनामागून जातो. तुला सांगायची लाज वाटते त्याला."

पुतळी परत आली. चांगलं झालं असं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही, नाही असं नाही. पण त्याच्या दुप्पट राग आला. बिडी सोडायची तर सोड बाबा, पण बिडीबरोबर मला सोडलंस, लहान्याला सोडलंस. दमणची गोष्ट आता कोण सांगणार, ती डॉक्टरची नळी?

आणि मग तिने जे केलं ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण केलं. लहान्याचा वर्षाचा दिवस चार दिवसांवर आला होता. दर वर्षी त्या दिवशी काळू दोरीवर एक बिडी पेटवायचा आणि बाकड्याच्या उजव्या टोकाला, लहान्याच्या जागी ठेवायचा. ती जळून संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पुतळीने रखमीकडे निरोप धाडला, "शुक्रवारी त्यांचा दिवस आहे. भावजींना वाटलं तर या म्हणावं. नाय आलात तरी मेलेला माणूस कुठे रागावतो!"

हा गळ होता, आणि त्याला आमिष काय लावलंय हे पुतळीला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी सातला काळू आला. सरळ रस्त्याने आला. थंडी होती, वारा पडलेला, दोरीचा धूर खांबाभोवती तसाच लोंबकळत होता. काळू बाकड्यापाशी उभा राहिला, बसला नाही. तोंड थोडं भरलं होतं, रंग उजळला होता. पुतळीला मनातून बरं वाटलं आणि त्याच वेळी तिने कट्ट्यातली बिडी काढून फळीवर ठेवली.

"द्या," काळू म्हणाला. "एवढी लहान्याची पेटवतो."

"हो, त्यांचीच," ती म्हणाली.

आता बिडी काही नुसती टेकवून पेटत नाही. पेटवायची तर ओढावीच लागते. हे काळूला माहीत होतं, पुतळीलाही माहीत होतं. त्याने बिडी ओठांत धरली, दोरीचं टोक हातात घेतलं. टोक काही केल्या बिडीला लागेना. वास आत गेला असावा, कारण त्याला खोकला आला. आधी साधा, मग खोल, मग थांबेच ना. बिडी पडू नये म्हणून त्याने ती दातांत घट्ट धरली होती आणि खोकत होता.

तो खोकला पुतळीने ओळखला. शेवटची दोन वर्षं तिने तो रोज ऐकला होता. लहान्या असाच वाकायचा, आणि ती, देवा रे, ती स्वतःच्या हाताने पेटवून द्यायची. "ओढा, जरा मोकळं वाटेल." कधी नको म्हणाली नाही. घरात बिड्यांचं दुकान, मग नवऱ्याला नको कोणत्या तोंडाने म्हणणार?

"थुंका ती!" ती ओरडली.

काळूने बिडी तशीच दातांत धरून ठेवली.

"थुंका म्हणते ना! गोळ्या दोनच चढल्यात अजून."

तिने फळीवरून हात लांब केला आणि त्याच्या तोंडातली बिडी ओढून काढली. मग बाहेर आली, खांबाची गाठ सोडली, दोरी घेतली आणि पाण्याच्या बादलीत टोक बुडवलं. चर्र झालं. एवढासा आवाज. इतक्या वर्षांचा विस्तव, आणि विझायला एक घोट पाणी पुरलं.

"वहिनी!" काळूच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, लहान्याचा विस्तव तो! मी तेरा दिवस..."

"तेरा दिवस जपलात, ठाऊक आहे. आता स्वतःला जपा. तो एक गेला माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्याला मी दोरी दाखवून बोलावलं, भावजी. तुम्ही बिनबिडीचे येणार नाय असं वाटलं मला. म्हणून बोलावलं."

काळू मटकन बाकड्यावर बसला, डाव्या टोकाला. सवयीने त्याचा हात कानाकडे गेला, कान चाचपला, काही नव्हतं. पुतळीला हसू आलं, मग त्यालाही आलं, आणि दोघांनीही डोळे पुसले.

तेवढ्यात उंबरगावकडचा एक गुजराती टेम्पोवाला आला. "पुतळीबेन, दोरी केम बंद?"

"बंद म्हणजे बंद. काडेपेटी घे, आणि पेटवायची ती पलीकडे जाऊन, माझ्या बाकड्यापाशी नाय." बिड्या विकणं तिने सोडलं नाही हो, पोट आहे तिला. पण कट्टे फळीवरून उचलले आणि खाली पत्र्याच्या डब्यात टाकले.

टेम्पोवाला गेला. पुतळीने खाऱ्या दाण्यांच्या दोन पुड्या घेतल्या. एक काळूच्या हातात दिली. दुसरी बाकड्याच्या उजव्या टोकाला ठेवली, लहान्याच्या जागी. दाणे त्यालाही आवडायचे. दोघं गप्प राहिले. पण पुडी काही जळून संपत नाही, तेव्हा गप्प राहायचं कधीपर्यंत हे कुणालाच कळेना.

शेवटी पुतळीनेच ती पुडी उचलली आणि त्या जागेवर बसली. या बाकड्यावर ती कधी बसली नव्हती. दुकान मांडलं तेव्हापासून तिची जागा फळीच्या आत, आणि सगळ्या गोष्टी तिने पाठ फिरवूनच ऐकलेल्या. काळू जरा सरकला.

"दमणचं सांगा," ती म्हणाली.

"शंभरदा ऐकलंय तुम्ही."

"ऐकलंय. सांगा."

काळूने श्वास घेतला, जमेल तेवढा खोल. "वारा फिरला," तो म्हणाला, "आणि लहान्या मला म्हणतो कसा..."

पुतळीने पुडी फोडली आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "काय म्हणाले?"